दिशाचे दोन निकाल

"माझ्या पोरीला चोर ठरवत्यात, मॅडम," खुर्चीवर टेकताच कानिफनाथ म्हणाले.

नगरमधल्या आपल्या लहानशा ऑफिसात खाजगी गुप्तहेर रुपाली गाडे ऐकत होत्या. शेजारी त्यांचे सहायक, निवृत्त हवालदार सहादेव.

कानिफनाथांच्या दिशाला बारावीत जेमतेम पंचावन्न टक्के मिळाले होते. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मात्र नव्याण्णव पर्सेंटाइल! पुण्याच्या एका नामवंत कॉलेजने प्रवेश दिला आणि पाठोपाठ तक्रार पोचली : एका परीक्षेला तिच्या जागी दुसरंच कोणीतरी बसलं होतं. सोमवारी खुलासा करायचा, नाहीतर जागा गेली.

"दिशा काय म्हणते?"

"अभ्यास कमी पडला म्हनती. दहावीला तालुक्यात पहिली आल्याली पोर!"

हिवरे बाजारच्या अलीकडे त्यांची वस्ती होती; रुपाली आणि सहादेव तिथे गेले. दिशाने चहाचा एकेक कप डाव्या हाताने आणून ठेवला. उजवा हात ओढणीत होता.

"तुझा नंबर लिहून दे," रुपाली म्हणाल्या.

"मोबाइल द्या ना, टाकते." तिने उजव्या हाताच्या एका बोटाने आकडे दाबले. अंगठा ताठच राहिला. त्याच्या बुडाशी बारीक, सरळ व्रण होता.

"दारात चेमटला हुता, परीक्षेच्या आधी," तिची आई लंकाबाई म्हणाल्या. "तवापास्नं धारा काढायचंबी सोडलं बघा हिनं. आधी लई हौस हुती."

गोठ्याशेजारी कडबा बारीक कापायचं कडबाकुट्टीचं मशीन होतं. "मी बटन दाबायचो, ही कडबा सारायची," कानिफनाथ म्हणाले. "आता हिकडं फिरकत न्हाई."

तिथून दोघे दिशाच्या ज्युनिअर कॉलेजात, तिला शिकवणाऱ्या पठारे सरांकडे गेले.

"तक्रार मीच केली," सर सरळ म्हणाले. "बोर्डाची उत्तरपत्रिका मागवली होती. अक्षर तिचं नाही. शिवाय अर्धा पेपर कोरा."

"जे लिहिलंय ते?"

"ते सगळं बरोबर आहे."

बाहेर येताच सहादेव म्हणाले, "मॅडम, सरळ आहे. बोर्डाला डमी बसवली!"

"एवढी हुशार मुलगी आपल्याहून कच्ची डमी कशाला बसवेल?"

दुसऱ्या दिवशी रुपाली पठारे सरांना घेऊनच वस्तीवर गेल्या.

"दोन्ही परीक्षा दिशानेच दिल्या," त्या म्हणाल्या. "बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो, प्रवेश परीक्षेत माउसचं बटण दाबलं की झालं. अंगठा वळत नसेल तर पेन धरता येत नाही, धार काढता येत नाही, पण बटण दाबता येतं. बोर्डाला ती डाव्या हाताने लिहीत होती, सर. म्हणून अक्षर वेगळं, आणि म्हणूनच अर्धा पेपर राहिला."

"पण लेखनिक मिळाला असता की!" सर म्हणाले.

"त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि जखम कशाने झाली ते त्यात आलं असतं. दारात चेमटल्यावर असा सरळ व्रण पडत नाही. तो पात्याने पडतो." रुपाली दिशाकडे वळल्या. "पुढचं सांगायचं की नाही, ते तू ठरव."

दिशाने ओढणीतून हात बाहेर काढला.

"मशीन बंद होतं. मी पातं साफ करत होते. आप्पांनी पलीकडून बटण दाबलं... त्यांना दिसलंच नाही. हात ओढणीत गुंडाळून मी नगरला गेले, टाके घालून आले. आप्पांना कळलं असतं तर दोन घास गेले नसते त्यांना. मार्क काय, पुन्हा मिळवता येतात."

कानिफनाथ तिच्यापाशी आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"आप्पा, रडू नका ना. मला प्रवेश मिळालाय."

सहादेवांनी चष्मा पुसला. "बत्तीस वर्षं पोलिसात काढली," ते पुटपुटले, "पण असला गुन्हेगार पहिल्यांदा पाहिला."

पठारे सर उठले. "सोमवारी पुण्याला मी येतो. शंका मी घेतली, ती मीच दूर करणार."

पुण्यात कॉलेजने डॉक्टरांचा दाखला पाहिला, तिला तोंडी गणितं घातली. दिशा डोळे मिटून उत्तरं देत गेली. शेवटी तिची जागा कायम ठेवत प्रवेश समितीच्या बाईंनी विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

"हो," दिशा म्हणाली. "अंगठ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायचीय. आठवडाभर उशिरा आले तर चालेल?"