चौथी मेथड

लेक दुपारी दोन तास झोपते. तेवढेच माझे. भांडी तशीच ठेवून मी लॅपटॉप उघडते.

तिच्या पाळण्याशेजारी छोटा माइक आहे. त्यातला आवाज माझा प्रोग्राम मजकुरात बदलतो आणि त्याचा प्रकार ओळखतो. रडणं असेल तर फोन वाजवतो, हसणं तारखेसकट जपतो, बडबड नुसती नोंदवतो. तीन प्रकार, तीन मेथड: प्रत्येक कामासाठी प्रोग्रामचा एकेक तुकडा. मी प्रोग्राम लिहिते ती भाषा कुणावर आधीच शिक्का मारत नाही. आवाज समोर आला की ऐनवेळी ठरवते, कुठली मेथड चालवायची ते.

"तुझ्यासारखीच की," नवरा म्हणाला होता. "चपला घातल्यावर ठरवणार, जायचं कुठे!"

सोमवारी नोंदींत चौथा प्रकार दिसला.

'उत्तर: हो.'

'उत्तर: नाही.'

'उत्तर: आई बाहेर आहे.'

लेक सात महिन्यांची आहे. प्रोग्रामची फाइल उघडली, तर तीन मेथडखाली खरंच चौथी होती. मी न लिहिलेली, पण माझ्याच धाटणीची.

"अगं, झोप कुठे होतेय तुझी?" नवरा म्हणाला. "पेंगत तूच लिहिली असशील."

"आणि नोंदी?"

"त्याही तूच." तो हसला. पण कामाला निघताना दोनदा पाळण्यात डोकावून गेला.

मी सगळं पुसून नव्यानं लिहिलं. मंगळवारी चौथी मेथड पुन्हा जागेवर.

उत्तर आहे, म्हणजे कुणीतरी विचारतंय. मग ते नोंदींत का नाही? कारण ज्या आवाजाला मेथड नाही, तो गुपचूप टाकून द्यायचा, ही ओळ माझीच. घाईत केलेली पळवाट.

आज मी आणखी एक मेथड लिहिली. नाव दिलं, 'प्रश्न'.

चालू करण्याआधी लेकीला उचलून इकडच्या खोलीत आणलं. ती झोपेतच होती. मांडीवर घेतली, तिचा ऊन श्वास मनगटाला लागत राहिला. तिकडचं दार मी लावून घेतलं होतं. आत फक्त माइक आणि रिकामा पाळणा.

प्रोग्राम सुरू केला.

मिनिटभर काही नाही.

मग एक ओळ उमटली.

'प्रश्न: कुठे आहेस?'

मांडीवर लेकीचे ओठ विलग झाले.

मी हलकेच त्यांवर तळहात ठेवला.