बाकावरचा पापलेट

“मेला परत चिकटला! बाकावर राहायचं सोडून माझ्या पाठीला कशाला येतो हा?”

पारूआक्का हळूच पुटपुटल्या, पण शेजारी बसलेल्या उर्मीला ऐकू आलं. तिने आक्कांच्या लुगड्यावरून निळा पापलेट अलगद सोलून काढला. अकरा वर्षांच्या उर्मीनेच तो कागदावर काढला होता. लाँच कंपनीने त्याची विनाइलवर (प्लास्टिकच्या पातळ, लवचिक पापुद्र्यावर) छपाई करून तो बाकांवर चिकटवला होता.

करंजखोलच्या धक्क्यावरून विजेवर चालणाऱ्या दोन लाँच सुटत. पापलेटाच्या बाकांसमोरून शहराची, खेकड्याच्या बाकांसमोरून बेटाची. पण चित्रं पंधरा दिवससुद्धा टिकत नव्हती. मागच्या मंगळवारी तर एकही जागेवर नव्हतं, आणि पारूआक्का मासळीची पाटी घेऊन शहराऐवजी बेटावर पोचल्या. बेटावर मासळी कोण घेणार? तिथे घरटी एक होडी. पाटी तशीच परत आली.

“चष्मा विसरले गो,” आक्का सगळ्यांना सांगत होत्या. त्यांना खाडीपलीकडचा बगळा दिसतो, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी मान डोलावली.

आता महिनाअखेरीस कंपनीचे कदमसाहेब येणार होते. ‘चित्रे केवळ शोभेची आहेत व ती टिकत नाहीत. ती काढून अक्षरी फलक लावावेत,’ असं त्यांचं पत्र होतं. उर्मीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा आक्कांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. उर्मी तिथून थेट आजोबांकडे गेली.

आजोबांनी चिकट पदार्थांच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. आजी म्हणायची, म्हणूनच ते एकदा बसले की उठत नाहीत. त्या दिवशी मात्र उठले आणि उर्मीबरोबर धक्क्यावर आले.

“लोक नखाने खरवडतात, आजोबा.”

“लोकांवर ढकलणं सोपं. आधी बाकाला विचारू.”

त्यांनी पाण्याचा एक थेंब उर्मीच्या लिहायच्या दगडी पाटीवर टाकला. तो पसरला. दुसरा अळूच्या पानावर टाकला. तो मोत्यासारखा गोल राहिला. तिसरा बाकावर.

“हाही गोलच!” उर्मी ओरडली.

“चिकटवण्याच्या गोंदालाही आधी पाण्यासारखं पसरावं लागतं. पसरला तरच तो धरतो. पाटीची पृष्ठऊर्जा (पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थाला ओढून धरण्याची ताकद) जास्त, म्हणून ती थेंबाला जवळ घेते. मेणचट, तेलकट पृष्ठभागाची कमी. तो म्हणतो, लांब राहा. या बाकाला तेल लागलंय.”

दोघांनी एकदम मागे पाहिलं. धक्क्याची निगा राखणारा यंत्रमानव खवला हातात तेलाचं फडकं घेऊन उभा होता.

“दर सोमवारी तेल,” खवला अभिमानाने म्हणाला. “लाकूड दिसलं की तेल पाजायचं. होडीखान्यात मला हेच शिकवलं. बाकसुद्धा जुन्या होड्यांच्या फळ्यांचेच आहेत. चित्रं लावायच्या आदल्या दिवशी तर मी दोनदा तेल दिलं. पाहुणे येणार होते ना.”

“धन्य आहेस,” आजोबा म्हणाले.

खवल्यानेच मग बाक घासले, साबणाने धुतले, वाळवले आणि रंगाचे दोन गुळगुळीत हात दिले. रंग पुरता सुकेपर्यंत आजोबांनी कुणाला बोटही लावू दिलं नाही. पण उर्मीने जुना पापलेट नीट पाहिला होता.

“आजोबा, हा आखडलाय. कडेने गोंद उघडा पडलाय.”

“शाबास. पोळी लाटून ठेवली की जराशी आखडते ना? हे विनाइल तसंच, रुळाखाली दाबून लाटलेलं. ताणलेलं असतं, पुढे हळूहळू आखडतं. दुसरं असतं घावनासारखं, पातळ ओतून सुकवलेलं. त्याला कुणी ताणलेलंच नसतं, म्हणून ते फारसं आखडत नाही.”

त्यांनी तीन पापलेट चिकटवले. लाटलेला, ओतलेला, आणि ओतलेल्यावर लॅमिनेट (झिजेपासून वाचवणारा पारदर्शक थर) चढवलेला. तिसऱ्याचे कोपरे उर्मीने कात्रीने गोल केले, कारण टोकदार कोपरा नखात, कपड्यात पटकन अडकतो. मग खवल्याला आजोबांची जुनी जाड विजार चढवली. गोंद पक्का धरावा म्हणून दिवसभर थांबून दुसऱ्या दिवसापासून तो त्या तिघांवर बसला आणि उठला. पाच हजार वेळा. मधूनमधून उर्मी खारं पाणी शिंपडत होती.

“मला हे होडीखान्यात शिकवलं नव्हतं,” खवला कुरकुरला.

लाटलेल्याचा कोपरा वर आला. नुसता ओतलेला टिकला, पण घासून त्याचा डोळा गेला. तिसरा पापलेट डोळे वटारून जागच्या जागी होता. सगळ्या बाकांवर तसेच पापलेट आणि खेकडे लागले.

कदमसाहेब आले. त्यांनी नखाने कोपरा उचकटून पाहिला. निघाला नाही.

“काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण नुसत्या शोभेसाठी एवढी उठाठेव? अक्षरी फलक लावले की झालं. ते तर सगळ्यांनाच कळतात.”

उर्मीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी समुद्राकडे. खवल्याने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

पारूआक्कांनी डोक्यावरची पाटी खाली उतरवली.

“त्या दिवशी मी चष्मा विसरले नव्हते, साहेब. माझ्याकडे चष्मा नाहीच. मला वाचता येत नाही.” त्यांनी बाकावर हात ठेवला. “हा पापलेट तेवढा येतो.”