वारा नसलेल्या ठिकाणचा दिवा

टेबलावर ठेवला की आर्द्राचा हातदिवा तीन तास एकसारखा तेवत असे. तोच दिवा, त्याच भरलेल्या बॅटऱ्यांसह, निर्वात दालनात (हवा काढून टाकलेल्या खोलीत) ठेवला की विसाव्या मिनिटाला कोमेजू लागे. आज तसे दुसऱ्यांदा घडले.

"उजेड मोजणारा काटा लाल रेघेखाली गेला गं बाई," काचेतून डोकावत खरातमावशी म्हणाल्या. चंद्रावरच्या त्या वसाहतीत लाव्हाच्या बोगद्याचे दार त्यांच्या ताब्यात असे. "आपला दिवा आपल्या हातानं बनवायचा, आणि तो तीन तास टिकला तरच आत पाऊल. उद्या शेवटची खेप. तुझ्या आजोबांचं यान परवा निघतंय, मला ठाऊक आहे. पण बोगद्याला ते ठाऊक नाही."

आर्द्राचे आजोबा, डॉक्टर विश्वंभर, यांनीच चाळीस वर्षांपूर्वी तो बोगदा प्रथम मोजला होता. चंद्राच्या क्षीण ओढीत राहून आता त्यांची हाडे विरळ झाली होती. त्यांना पृथ्वीवर परतावे लागणार होते, आणि पुन्हा येणे नव्हते. जाण्यापूर्वी त्यांनी एकच मागितले होते : नातीबरोबर बोगद्याच्या पहिल्या फाट्यापर्यंत एकदा चालत जायचे. अकरा वर्षांच्या आर्द्राला निरोपाचे शब्द सुचत नव्हते. म्हणून तिने सारे मन त्या दिव्यात ओतले होते.

"रडून झालं असेल तर उघड तो," कार्यशाळेत शिरत आजोबा म्हणाले.

"मी रडले नाही."

"बरं. तारांना डाग देताना डोळ्यांत धूर गेला असेल. सांग, एलईडी बॅटरीला थेट का जोडत नाहीस?"

"विजेचा दाब जरासा वाढला तरी प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, आणि एलईडी जळते," ती पाठ म्हटल्यासारखे बोलली. "म्हणून मध्ये ड्रायव्हर (प्रवाह एकसारखा राखणारी छोटी चकती) लागतो."

"तुझ्या दोन बॅटऱ्यांचा मिळून दाब आठ व्होल्ट. एलईडीला पुरतात तीन. उरलेले पाच?"

"ड्रायव्हर खातो. त्यांची उष्णता होते. फार तापला की तो आपणच प्रवाह कमी करतो, जळू नये म्हणून." ती थबकली. "म्हणजे दिवा बिघडत नाहीच, आजोबा! तो स्वतःला वाचवतो."

"मग टेबलावर त्याला ही धास्ती का नाही वाटत?"

आर्द्राने दिव्याच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवले. पृथ्वीवरच्या पुस्तकातले चित्र पाहून तिने त्यावर अकरा पाती कोरली होती आणि दोन दिवस घासून लखलखीत केली होती.

"ही पाती कशासाठी?"

"पुस्तकात होती. त्यांच्यावरून उष्णता निघून जाते."

"कोणाबरोबर?"

आजोबांनी तिचा तळवा उघडला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली.

"हिच्याबरोबर. पृथ्वीवर ही फुंकर सतत चालू असते. तिला वारा म्हणतात. आपल्या खोल्यांत निदान हवा तरी आहे. बोगद्यात तीही नाही. तिथे उष्णता केवळ किरणांच्या रूपाने बाहेर पडते, आणि समोरासमोर उभी पाती एकमेकांचीच उष्णता परत घेत बसतात. पुस्तक लिहिणाऱ्याला वारा नसलेली जागा सुचली नसेल. तुला वारा असलेली जागा ठाऊक नाही."

आर्द्राने आपल्या तळव्यावर स्वतःच एकदा फुंकर घातली. "मग उष्णता घालवायची कशी?"

"आधी असं विचार, की ती निर्माणच कशाला करायची."

त्यांनी खण उघडला. आतल्या दुसऱ्या ड्रायव्हरवर तांब्याच्या तारेचे एक वेटोळे होते.

"तुझा ड्रायव्हर म्हणजे करकचून ब्रेक दाबून चालवलेली गाडी. हा वेगळा. झोपाळ्याला तू सतत ढकलत राहतेस का?"

"छे! अधूनमधून धक्का दिला की पुरतं."

"हा बॅटरीला क्षणभर जोडतो, क्षणभर तोडतो, सेकंदाला लाखो वेळा. जोडल्यावर वेटोळ्यात ऊर्जा साठते, तोडल्यावर तीच एलईडीला मिळते. फार थोडी वाया जाते."

आर्द्राने नवी चकती भिंगाखाली धरली. एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढा रोधक (प्रवाहाला अडवणारा भाग) होता.

"याच्यावरून ड्रायव्हर प्रवाह मोजतो ना?" तिने विचारले, आणि मग खाली मान घालून कबूल केले, "जुन्यावर मी शेजारी आणखी एक बसवला होता. दोन वाटा झाल्या की अडथळा कमी होतो. ड्रायव्हरला वाटतं प्रवाह थोडाच आहे, आणि तो जास्त सोडतो. मला सगळ्यांत प्रखर दिवा हवा होता."

"का गं?"

"तुम्हाला शेवटचं सगळं नीट दिसावं म्हणून."

आजोबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

नव्या चकतीवर तिने दुसरा रोधक बसवला नाही. डाग तिनेच दिला. आजोबांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी काटा लाल रेघेच्या जेमतेम दोन बोटे वर राहिला. पण तीन तास तिथेच राहिला.

"कालच्यापेक्षा मंदच आहे हो," खरातमावशींनी नाक मुरडले आणि दार उघडले.

बोगद्यात उजेडाचा झोत दिसत नव्हता, कारण तो दाखवायला हवेत तरंगणारी धूळ नव्हती. केवळ काळ्या खडकावर तिच्या आणि आजोबांच्या दिव्यांची दोन शांत वर्तुळे पुढे सरकत होती. फाट्यापाशी आजोबा थांबले. डाव्या वाटेच्या भिंतीवर त्यांच्या जुन्या खुणा होत्या. उजवी कोरी होती.

"तिकडे कोण गेलंय?" शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रातून आर्द्राने विचारले.

"अजून कोणी नाही. जाऊन यायला सहा तास तरी लागतील."

तिने हातातल्या दिव्याकडे पाहिले. "म्हणजे बॅटऱ्या सहा तास पुरवायला प्रवाह अर्धा करायला हवा," ती पुटपुटली. "रोधक दुप्पट अडवणारा. उजेड कमी पडेल, पण पाऊल टाकण्यापुरता पुरेल."

"पुरेल," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी आपला दिवा मालवला. "आता तू पुढे हो. मला तुझ्या उजेडात परत जायचंय."