रुग्ण पूर्वा, तक्रार : राग

"आता 'रुग्ण नोंदणी' या बटणावर क्लिक करा. घाई करू नका, आधी नाव तपासा."

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस वाकडच्या पुलापाशी नेहमीसारखी अडकली होती, आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या लॅपटॉपमधून चक्क माझं वाक्य ऐकू येत होतं. हो, माझं! आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि ते कसं वापरायचं हे मराठीत लिहून देण्याचं काम माझं. 'घाई करू नका' हे शब्द मी नर्सबाईंची धावपळ बघून मुद्दाम घातले होते.

"अहो," मी म्हटलं, "हे वाक्य माझं आहे."

त्याने शांतपणे वळून बघितलं. "असेल. मला काही ते बसमध्ये सापडलेलं नाही. कंपनीने दिलंय."

"आणि हा सर्दी झाल्यासारखा आवाज कुणाचा?"

"माझा."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "मग वाफ घ्या."

तो हसला. हसताना मान जरा खाली घालायचा, हे तेव्हाच लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याचाही मला राग आला. नाव विश्वजीत. गाव हिंजवडीच. "आपली कंपनी आमच्या आज्याच्या उसात उभी आहे," तो म्हणाला. "जमीन गेली, घरच्यांनी औंधला फ्लॅट घेतला. आता मी माझ्याच गावाला कंपनीच्या बसने येतो."

मी पर्स मांडीवर ओढून त्याच्या लॅपटॉपला जागा करून दिली.

दुपारी आमच्या मॅनेजर हेमा मॅडमनी बोलावलं. विश्वजीत आधीच तिथे बसलेला.

"लोक वाचत नाहीत, पूर्वा. बघतात," मॅडम म्हणाल्या. "हॉस्पिटलांना जाणाऱ्या पुढच्या सीडीत लिहिलेली पानं नसतील, फक्त विश्वजीतचे व्हिडिओ. तू याला सगळं थोडक्यात लिहून दे. मग तुला टेस्टिंगमध्ये कुठेतरी बघू."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुठेतरी बघू? आमच्या दापोडीच्या घरी नवा मिक्सर आला तरी बाबा आधी माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचतात, मग पिन लावतात. त्या घरात वाढलेली मी. एकेक पान नर्सबाईंना विचारून विचारून लिहिलेलं, आणि ते असं कचऱ्यात? वर त्याच पानांचा चुरा करून मीच या माणसाच्या हातात द्यायचा!

दिला. नोकरी होती, काय करता...

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक कोंदट मीटिंग रूम. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद. बाहेर बसचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात विश्वजीतने नवंच काढलं. "आवाज तुम्ही द्या."

"का? सर्दी बरी होत नाही?"

"तुम्ही चिडलात की शब्द फार स्पष्ट येतात."

"मी चिडलेली नाही!"

"बघा. किती स्पष्ट आला."

घाम पुसत मी वाचायचे, तो स्क्रीनवर क्लिक करायचा. मधल्या वेळात खिशातून ओल्या हरभऱ्याचे घाटे काढायचा. गावाकडे अजून जमिनीचा एक तुकडा शिल्लक होता, तिथले. सोलून माझ्या बाजूला सरकवायचा, स्वतः मात्र सालं चाळत बसायचा. मी खायचे. रागावलेल्या माणसाला भूक लागतेच ना!

एका दुपारी मी तयार झालेले व्हिडिओ बघायला घेतले आणि खुर्चीतून उठलेच. सॉफ्टवेअर दाखवायचं तर रुग्ण म्हणून कुणाचं तरी खोटं नाव भरावं लागतं. माझ्या पानांत ते नेहमी 'अबक' असायचं. याच्या व्हिडिओत, एकूण एक व्हिडिओत, रुग्णाचं नाव होतं पूर्वा. तक्रार : राग, वारंवार. उपचार : चहा, दिवसातून दोनदा.

"हा काय चावटपणा आहे?"

"नाव काहीतरी टाकावं लागतंच."

"अबक टाका ना!"

"अबकला काय होतंय ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. "मी त्याला कधी बघितलेलं नाही. तुम्हाला रोज बघतो."

मी दार आपटून बाहेर पडले, आणि जिन्यात उगाचच हसू आलं, तेही आवडलं नाही.

नावं बदलायला वेळच उरला नाही. मॅडमनी आम्हा दोघांना चाचणीसाठी शहरातल्या एका हॉस्पिटलात पाठवलं. वॉर्डातल्या नंदा सिस्टरनी व्हिडिओ लावला. स्क्रीनवर बाण फिरू लागला, खिडक्या उघडू लागल्या, पण आवाज नाही. कॉम्प्युटरला स्पीकरच नव्हते.

"आवाज? इथे?" सिस्टर म्हणाल्या. "पेशंट झोपलेत, ताई. स्पीकर कोण लावू देईल?"

विश्वजीतच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं? इतक्या गरमीत घसा कोरडा केला, आणि सगळं मुकं.

"बाण कुठे जातो ते दिसलं, ते बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "पण ते आधीचं लिहिलेलं कुठे गेलं? त्यात एका नजरेत कळायचं. आणि ही पूर्वा कोण हो? बरी आहे ना आता?"

विश्वजीतला ठसका लागला.

जिंकले होते मी. खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण पायऱ्या उतरताना त्याचा उतरलेला चेहरा बघितला आणि मी थांबले.

"तुमचे व्हिडिओ वाईट नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे चांगले आहेत?"

"वाईट नाहीत म्हटलं. लगेच डोक्यावर बसू नका."

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत त्याने मॅडमना सांगितलं, "व्हिडिओ पूर्वाच्या पानांत बसवू. वर व्हिडिओ, खाली तिने लिहिलेलं. पानं काढायची असतील तर माझं कामही काढा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. पानं राहतील. पूर्वा, टेस्टिंगचं राहू दे."

बाहेर आल्यावर मी उसळलेच. "तुम्हाला वकील कुणी नेमलं होतं? मला तोंड नाही?"

"आहे ना. रोज ऐकतो." त्याने खिशातून एक घाटा काढला. "म्हटलं, एक दिवस तरी त्याला सुट्टी द्यावी."

यावर चिडायचं होतं. जमलं नाही.

पानं झाली, व्हिडिओ बसले. राहिला फक्त डिस्चार्जचा. रोज उद्यावर ढकलायचा हा माणूस!

"आज तरी करणार आहात का?" शेवटी मी विचारलं.

"डिस्चार्ज दिला की पेशंट जातो," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मग मला दुसरी टीम... तुम्हाला दुसरी सीडी... बसमध्ये शेजारची सीट मिळेलच असं नाही."

इतकं बोलून हरभरा सोलत बसला! अरे, माणसाने पुढचं वाक्य तरी पूर्ण करावं की नाही?

मी त्याच्या हातातला माउस ओढून घेतला. रेकॉर्डिंग सुरू केलं. रुग्ण : पूर्वा. प्रकृती : सुधारणा. घरी कोण नेणार? मी टाइप केलं, विश्वजीत. पुढचा रकाना होता 'रुग्णाशी नातं'. तो तसाच सोडून मी 'जतन करा' दाबलं.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली. नातं भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्याने मान खाली घातली. हसत होता. "हे रिकामं सोडता येत नाही," तो हळूच म्हणाला. "तुमच्याच पानावर लिहिलंय. मी वाचलंय."

"वाचलंयस ना?" मी कीबोर्ड त्याच्याकडे ढकलला. "मग भर की! सगळं मीच लिहायचं का?"