तळ्याकाठच्या वळणावरचे ब्रेक

गाडी कुणाच्या हाती द्यायची, हे आयला निस्कानेनने वहीत मुद्दे काढून ठरवलं होतं. शोरूममध्ये दोनदा जाऊन झालं होतं. काचेच्या टेबलामागच्या माणसाने दोन्ही वेळा गाडीकडे न बघताच, "ब्रेकवर धूळ बसली असेल," म्हणून तिची बोळवण केली होती. आता तिला एकट्याने गॅरेज चालवणारा, सचोटीचा माणूस हवा होता. गावात चौघांना विचारायचं, खर्च आधी लिहून घ्यायचा आणि बदललेले जुने पार्ट हटकून परत मागायचे, म्हणजे नवे खरंच बसवल्याचा पुरावा राहतो. चौघांनीही एकच नाव सांगितलं. उर्हो साल्मेला.

थांबायला वेळ नव्हता. तिच्या पपांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना साठ मैलांवरच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. एखादी खेप चुकली तर जिवावर बेतलं असतं. आणि गाडीचे ब्रेक एकाच जागी किंचाळत, तळ्याकाठच्या वळणावर. बाकी साठ मैल हूं नाही की चूं नाही.

"सांगू नकोस, ऐकव," उर्हो म्हणाला. सत्तरीचा, अबोल माणूस. तो शेजारी बसला, रेडिओ बंद केला आणि त्याने डोळे मिटले. दुपारचं पांढुरकं ऊन होतं. तळ्यावर बर्फाचा पहिला पापुद्रा धरला होता. वळण आलं, आयलाने ब्रेक दाबला.

आवाज लांबलचक होता. चिरका, आणि शेवटी ओला.

उर्होने डोळे उघडले. "गाडी कुणाकडून घेतलीस, पोरी?"

"लिलावात. का?"

"ही हिल्माची. पंधरा वर्षं मीच बघायचो." तो तळ्याकडे बघत नव्हता. "दोन वर्षांपूर्वी इथंच उभी सापडली. इंजिन चालू, दार सताड उघडं. बर्फावर पावलं... एकाच बाजूला जाणारी. हिल्मा काही मिळाली नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम झालं होतं. आयलाने हात पुढे केला. "जुने पॅड द्या, काका."

"ते इथंच राहतील."

"का?"

"अर्धेसुद्धा झिजले नव्हते. त्यांना... तिथं थांबायची सवय लागलीय."

आयलाला संतापच आला. जाणत्या, प्रामाणिक माणसानेही असल्या भाकडकथा सांगायच्या? "म्हणजे नवे बसवलेच नसतील! काका, तुम्हीसुद्धा शोरूमवाल्यांचेच भाऊ निघालात की!"

चाळीस वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. फळीवरून एक पुठ्ठ्याचा खोका उचलून त्याने तिच्या हातात आपटला.

"घे तुझा पुरावा. पण त्या वळणावरून नेऊ नकोस."

"दवाखान्याला तोच एक रस्ता आहे."

"म्हणून तर म्हणतो... ठेव इथं."

तिने खोका मागच्या सीटवर ठेवला आणि दार धाडकन लावलं.

सकाळी पपांना बसवताना गाडीत गाळाचा वास येत होता. खोक्याचा तळ ओला झाला होता. रात्री काच उघडी राहिली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पपांचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. दारातून गाडीपर्यंतची दहा पावलं त्यांनी तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून काढली.

"मास्तरीणबाई, जरा हळू," पपा हसून म्हणाले. "पोचायचंय मला. आजच वर नाही जायचं."

वळण आलं. आयलाने मुद्दाम ब्रेकला पाय लावला नाही.

किंकाळी मागच्या सीटवरून आली.

गाडी थांबली. आयलाने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय मोकळे होते, आणि ब्रेकचं पेडल तळापर्यंत दबलेलं होतं. तिने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन घुमलं, पण गाडी जागची हलली नाही.

"पपा, थांबा हं, मी..."

शेजारची सीट रिकामी होती. दार सताड उघडं.

पपा बर्फाकडे चालले होते. काठी नाही, आधार नाही, लंगडणं नाही. लगबगीने, लग्नाला उशीर झालेल्या माणसासारखे. आयला धावली. पापुद्रा त्यांच्या पायाखाली करकरला, तेवढ्यात तिने त्यांना कोटाला धरून मागे खेचलं. ते कापसासारखे हलके लागले. तिने त्यांना गाडीत कोंबलं, खोका उचलून तळ्यात भिरकावला आणि मागे वळून न बघता गाडी दामटली.

वेळेवर पोचले. मशीनला जोडण्याआधी नर्स नेहमी वजन करते, तसं तिने पपांना काट्यावर उभं केलं. दर वेळी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर किलो भरायचं.

काटा एकशे एकतीसवर थांबला.

"बिघडला वाटतं," नर्स पुटपुटली. स्वतः काट्यावर चढली. तिचं वजन बरोबर आलं. तिने पपांना पुन्हा उभं केलं.

एकशे एकतीस.

"पपा..." आयला काट्याजवळ वाकली. "बरं वाटतंय ना?"

पपा गोड हसले आणि काट्यावर थोडे बाजूला सरकले, शेजारच्या माणसाला नीट उभं राहता यावं म्हणून सरकावं, तसे.