काठीवाला सुपरहिरो

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मामाच्या मित्राची नाही, माझ्या स्वतःच्या घरातली. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली हसणारे चेहरे टाकू नका. माझी पोरगी अजून त्याच घरात आहे.

आणि असलं काही रात्रीच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो... आमच्याकडे सगळं भर दुपारी झालं.

मी संदेश. रत्नागिरीत नाचणे भागात भाड्याच्या घरात राहतो. बैठं घर, पुढे अंगण, भोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. घरात मी, बायको राजश्री आणि मुलगी सानवी. गेल्या डिसेंबरात सानवीला सातवं लागलं. त्या वाढदिवसाच्या दुपारी गुरुप्रसाद आला.

गुरू माझा देवरूखच्या कॉलेजातला मित्र. एका ताटात जेवलेलो आम्ही. त्याचं गाव देवरूखच्या वर, डोंगरात. त्याच्या मुलीला, मनस्वीला, वर्षभर एक विचित्र दुखणं होतं. तिला घराबाहेर पडताच येत नव्हतं. उंबऱ्याशी आली की थांबायची आणि रडायची. इथल्या डॉक्टरला गाडीत घालून मीच त्याच्या गावी नेलं होतं. उपयोग झाला नाही.

त्या दिवशी मनस्वी त्याच्याबरोबर होती. गाडीवरून टुणकन उतरली आणि अंगणात धावत सुटली.

मला भरून आलं. मी गुरूला मिठी मारली. त्याने काही मला धरलं नाही. हात तसेच खाली.

तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याने सानवीसाठी खोकं आणलं होतं. आत लाकडाचे सुपरहिरो, त्याने स्वतः कोरलेले. एकाच्या पाठीवर लाल झूल, एकीच्या छातीवर वीज, एकाच्या हातात ढाल. काम इतकं सुबक की राजश्रीही बघत राहिली. लाकूड काळपट होतं आणि आकाराच्या मानाने फार जड. चौथ्याच्या चेहऱ्यावर मुखवटा आणि हातात काठी.

"सुपरहिरोच्या हातात काठी कसली रे?" मी विचारलं.

"गावठी हाय तो," गुरू म्हणाला. सगळे हसलो. तो नाही हसला.

मग म्हणाला, "थांब, देण्याआधी गाऱ्हाणं घालतो." पुतळे उंबऱ्यावर मांडले, हात जोडले आणि देवळात घालतात तसं सुरू केलं. "बा म्हाराजा... आजपासून ह्या घराची राखण तुजी... हितली पोरंबाळं तुज्या पदरात म्हाराजा..."

आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की पुढचं तोंडातून आपोआप येतं. शिमग्यात लागलेली लहानपणीची सवय. अर्थ कोण ऐकतो?

मी हसत हसत मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

गुरूने डोळे मिटले. मग चहासुद्धा न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. बाहेर आवाज आला.

टक... टक... टक...

कुणीतरी काठी टेकत गडग्याच्या आतून चालत होतं. फाटकाची कडी लागलेली. मी बाहेर गेलो.

कुणी नव्हतं.

राजश्री म्हणाली, "अहो, सकाळपासून एक कावळा आला नाही." आमच्या दाराशी दोन मांजरं पडून असायची. तीही नव्हती. मी आत वळून बघितलं... टीव्हीजवळ मांडलेल्या चारही पुतळ्यांची तोंडं दाराकडे होती.

"सानवी, तू फिरवलेस?"

"नाही बाबा. ते बघतायत ना बाहेर, कोण येतं ते."

सोमवारी ती शाळेला निघाली. दप्तर पाठीला, बूट पायात. उंबऱ्याशी आली...

आणि थांबली.

"चल ना, रिक्षा उभी आहे."

"बाबा, काठी आडवी आहे."

उंबऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं नाटकं करते. उचललं आणि बाहेर पाऊल टाकलं. तिचे पाय कशावर तरी आपटले. मला आवाज ऐकू आला, लाकडावर हाड आपटल्याचा. ती किंचाळली. आत आणून मोजे काढले तर दोन्ही नडग्यांवर एकाच सरळ रेषेत निळा वळ.

राजश्री माझ्याकडे बघत होती. दोघांच्याही मनात एकच नाव आलं होतं.

मनस्वी.

मी पुतळे पिशवीत भरले आणि गाडीला किक मारली ती थेट गुरूच्या गावी. त्याच्या अंगणात मनस्वी सायकल फिरवत होती. गुरू पडवीत बसलेला. मला बघून उठला नाही. पाणी विचारलं नाही.

"हे काय दिलंस तू मला?"

त्याने पिशवीकडे बघितलं. मग बोलला. "बांधावर ऐन होता आमचा. त्या झाडात राखणदार ऱ्हायचा. आजा दरवर्षी नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा. मी म्हटलं, कोण करतोय ती उसाभर. घर वाढवायला तोडला. मग त्याला जागा ऱ्हायली नाय, संद्या. तो घरात आला. तो वायट नाय रे. राखण करतो. पन एकदा राखायला घेतलेलं पोर तो भायर सोडत नाय."

"मग मला दिलास? माझ्या सानवीला?"

"त्याच लाकडाला रूप द्यायचं नि दुसऱ्यानं आपल्या तोंडानं व्हय म्हनायचं. परका कोन व्हय म्हनंल? मैतरच म्हनतो." त्याने अंगणातल्या मनस्वीकडे बघितलं. "माजी पोर होती रे."

मी त्याची गचांडी धरली. मारणार होतो. पण मनस्वी सायकल थांबवून बघत होती. विचारलं तिने, "काका, सानवी का नाय आली?"

हात आपोआप सुटला. पंधरा वर्षांची मैत्री, आणि हा माणूस माझ्या दारात हात जोडून उभा राहून माझ्या पोरीचा सौदा करून गेला होता. शत्रूनेही आधी शिवी दिली असती.

पिशवी त्याने घेतली नाही. येताना पुलावरून मी ती बावनदीत फेकली. बुडताना डोळ्यांनी बघितली.

घरी आलो...

पुतळे टीव्हीजवळ होते. ओले. खाली पाण्याचं थारोळं.

त्यानंतर सगळं केलं. गुरूच्या गावात नारळ-कोंबडा दिला. भटजी झाले, डॉक्टर झाले. त्या ऐनाच्या जागी आता गुरूची मोरी आहे. सानवी अजून उंबऱ्याच्या आतच आहे. शाळेच्या बाई घरी येऊन शिकवून जातात.

आता परवाची गोष्ट. दुपारचीच.

शेजारची आफरीन सानवीची मैत्रीण. ती उंबऱ्याबाहेर बसते, सानवी आत, आणि दोघी खेळतात. मी आत पंख्याखाली पडलो होतो. सानवीचा आवाज आला. हळू... आणि तिचा नसलेला.

"आजपासून तुज्या घराची राखण... बोल ना आफरीन, बोल व्हय..."

मी धावलो. सानवीने काठीवाला तिच्यापुढे धरला होता. आफरीन हसत होती. तिचं तोंड उघडलेलं होतं.

मी ओरडलो. इतका, की आफरीन घाबरून घरी पळाली.

सानवीच्या हातातून पुतळा काढून घेतला. "हे कुणी शिकवलं तुला? गुरूकाकाने?"

तिने मान हलवली. नाही. आणि पुतळ्याकडे बोट केलं.

मी तिला जवळ घेतलं. समजावलं की असं करायचं नसतं, आफरीन अडकली असती, तिचे अब्बू-अम्मी रडले असते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात बाजूला केला. मी गुरूकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच नजर होती.

"मनस्वीच्या बाबांनी तर तिच्यासाठी केलं," ती म्हणाली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

आज हे लिहायला बसलो तेव्हा सहज मान वर केली...

पुतळ्यांची तोंडं आता दाराकडे नाहीत. माझ्याकडे आहेत.