सुई ओवताना

धाकट्याने आईच्या शिलाई मशीनवरचं कापड ओढून काढलं आणि थोरलीच्या काळजात चर्र झालं. वर्षभर ती आपल्याच मशीनवर काम करत होती, आईच्या मशीनला तिने ना स्वतः हात लावला होता ना कोणाला लावू दिला होता... आणि हा बोटीवर इंजिनं दुरुस्त करत जगभर हिंडणारा भाऊ, आईच्या शेवटच्या आठवड्यात कसाबसा पोचलेला, आज सकाळी येतो काय आणि खुशाल पायडल मारून बघतो काय!

"मधोमध ठेवू का, ताई?"

"काढलंच आहेस तर ठेव," ती म्हणाली आणि उगाचच खुर्च्या पुसायला लागली.

आई जाऊन आज वर्ष झालं होतं. धाकट्याने सगळ्यांना निरोप धाडला होता: कोणी रडायला यायचं नाही, आईने शिवलेलं नाहीतर दुरुस्त केलेलं काहीतरी अंगात घालून यायचं आणि तिची एक तरी गोष्ट सांगायची. आणि लोक आले की हो! पोस्टमन आला, ज्याच्या शर्टाची कॉलर आईने तीनदा उलटवली होती. समोरच्या निवृत्त शिक्षिका आल्या, खडू ठेवायला आईने न सांगता लावून दिलेल्या खिशाचा कोट घालून. आणि पाववाला आला तो वीस वर्षांपूर्वीच्या जाकिटात पोट कोंबून, श्वास रोखून. त्या जाकिटाचं मधलं बटण अगदी जिवावर उदार झालं होतं.

गावभर आईला टाकेवाली आई म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि त्या खोलीत आईचा देव पायडलवर चालायचा. शिवण चालू झाली की आई मोठ्याने एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायची. सगळ्यात आधी धाकटा: "त्याची वाट नीट ठेव." मग पोस्टमनची मुकी लेक, मग पाववाल्याचा गुडघा, एकदा तर शिक्षिकाबाईंचं हरवलेलं मांजरसुद्धा! थोरली पलीकडच्या टेबलाशी पाठमोरी बसून काजं करायची आणि ऐकायची. तीस वर्षं ऐकलं तिने. मांजराचं नाव आलं, तिचं एकदाही आलं नाही.

बाबा गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, शिक्षिका व्हायला प्रवेश मिळाला होता. धाकटा नऊचा. "मला नाही बाई मुलांना शिकवण्यात रस, डोकं उठतं," असं आईला तोंडावर सांगून ती काजांच्या टेबलाशी बसली ती बसलीच. आईने तिला कधी शब्दाने दुखवलं नाही, आजारपणात तिचाच हात धरून ठेवला. पण ती एक सल थोरलीच्या अंतःकरणात कायम रुतलेली होती. इतक्या जणांसाठी मागितलंस, आई... माझ्यासाठी काहीच नव्हतं का मागायचं?

"बायको गेली तेव्हा महिनाभर भट्टी पेटवली नाही मी," पाववाला सांगत होता. "तर ही दारात हजर. म्हणे, जाकिटाचं माप द्या. टेप गुंडाळता गुंडाळता विचारते, जेवलात का? म्हटलं, नाही. तर म्हणे, मग माप चुकेल, आधी जेवा. आणि बसून जेवायला घातलं. हेच ते जाकीट!"

असं म्हणून त्याने अभिमानाने छाती फुगवली मात्र, ते बटण टणकन उडालं आणि शिक्षिकाबाईंच्या कपात जाऊन पडलं. सगळी खोली हसून लोटपोट. पोस्टमनला तर ठसकाच लागला. हसता हसता थोरलीने कपातून बटण काढलं, पुसलं, सुईदोरा घेतला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सवयीने क्षणभर डोळे मिटले.

"अगदी आई!" धाकटा म्हणाला. "तू कोणासाठी आभार मानतेस गं?"

"कसले आभार? डोळ्यांना विसावा देतेय."

"आई सुई ओवताना तुझ्यासाठी देवाचे मानायची तसे."

थोरलीच्या ओठांतून दोरा निसटला. "माझ्यासाठी?"

"तुला ठाऊक नाही?" धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, लहानपणी मीच विचारलं होतं, सगळ्यांची नावं घेतेस, ताईचं का नाही? तर म्हणाली, ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं मोठ्याने घ्यायची, देवाच्या मागे हजार कामं असतात. हिच्यासाठी मी मागत नाही, देवाने ही दिली म्हणून त्याचे आभार मानते. तेही तोंडात दोरा असताना, मनातल्या मनात. मोठ्याने म्हटलं तर रडू येतं आणि सुई ओवली जात नाही. आणि म्हणाली, मला सांगते शिकवण्यात रस नाही. पोरीला धड खोटंही बोलता येत नाही."

तीस वर्षं... दिवसातून वीसदा, तीसदा सुई ओवली जात होती, आणि ती मात्र पाठ करून बसली होती! थोरलीला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. शिक्षिकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला वाटलं तुला माहीत असेल. मी सांगायला हवं होतं गं, ताई," धाकटा पुटपुटला. "तुझ्यामुळे शिकलो, आणि एवढं साधं..."

"गप रे. आज सांगितलंस ना." तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, नऊ वर्षांचा असल्यासारखा.

तिने पुन्हा सुई धरली. पण भरल्या डोळ्यांना नेढं दिसेना. धाकट्याने हात पुढे केला. "आण, मी ओवतो."

"नको. हे माझं काम आहे."

पाववाला उघडं जाकीट धरून अवघडून उभा होता. "सावकाश होऊ द्या, माझं पोट काही कुठे जात नाही," तो म्हणाला, आणि खोली पुन्हा हसली.

थोरली त्याच्याकडून जाकीट घेऊन आईच्या मशीनच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिने दोरा ओठांत धरला, डोळे मिटले, आणि मनातल्या मनात आईसाठी आभार मानले. मग सुई ओवली आणि बटणाचा पहिला टाका घालताना सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, "माझ्या धाकट्याची वाट नीट ठेव."